लिलो: काळ्या पडद्यावरची चार अक्षरं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या पीसीवर बहुधा विंडोज असायचं. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शिकायची तर त्याच हार्ड डिस्कवर जागा काढावी लागे आणि सीडी मिळे ती मासिकासोबत. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ साली वाचकांना अशी सीडी दिली होती. मशीन चालू केल्यावर दोन्हींपैकी काय सुरू करायचं, हे विचारायचा लिलो, म्हणजेच लिनक्स लोडर. वर्नर आल्मेसबर्गर यांनी तो १९९२च्या सुमारास लिहायला घेतला.

बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम, डिस्कचा फक्त पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर, म्हणजे तुकडा, वाचून त्यातल्या कोडच्या हाती कारभार सोपवतो. त्यातले ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या नोंदीला, म्हणजे पार्टिशन टेबलला, आणि २ शेवटच्या खुणेला जातात, कोडला जेमतेम ४४६ उरतात. एवढ्यात फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली कशा मांडल्यात ती व्यवस्था, समजून घेणं शक्यच नव्हतं. म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कच्या कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे, याची यादी लिलो आधीच तयार करून ठेवायचा. चाळीचं नाव ठाऊक नाही, नुसते खोली नंबर पाठ, अशातला प्रकार. कर्नल बदलला की खोल्या बदलत. मग रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊन पुन्हा ‘लिलो’ कमांड चालवायची. ती राहिली तर पुढच्या वेळी मशीन सुरू होईलच याची खात्री नसे.

दुसरी अडचण बायोसची. जुन्या पद्धतीत १०२४ सिलिंडरांपलीकडचं (सिलिंडर म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांचा गट), म्हणजे फार तर सुमारे ८.४ गिगाबाइटच्या पुढचं, वाचता येत नसे. त्यामुळे डिस्कच्या सुरुवातीला छोटं ‘बूट’ पार्टिशन करायची पद्धत पडली. पुढे लिलोत ‘एलबीए३२’ हा डिस्कवरची जागा सरळ क्रमांकाने सांगणारा पर्याय आला आणि हे बंधन सुटलं.

मला लिलोचं सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं अडखळणं. पहिल्या सेक्टरमधला छोटा पहिला टप्पा डिस्कवरचा मोठा दुसरा टप्पा वाचून आणायचा, आणि लिलोच्या इंग्रजी नावाचं (एल-आय-एल-ओ) एकेक अक्षर वाटेत एकेका पायरीवर उमटायचं. ‘एल’ आणि पुढे आकडा आला तर दुसरा टप्पा वाचताना डिस्कची चूक. ‘एलआय’वर थांबला तर दुसरा टप्पा वाचला, पण चालला नाही. चारही अक्षरं आली की सगळं जागेवर. एवढ्याशा जागेत इतकं नेमकं निदान देणारी रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे.

१९९५ साली एरिक बोलिन यांनी सुरू केलेला ग्रब हा दुसरा लोडर स्वतःच फाइल सिस्टिम वाचायचा. कर्नल बदलल्यावर ब्लॉकची यादी नव्याने करायची गरजच त्याने संपवली आणि लिनक्सची बहुतेक वितरणं, म्हणजे तयार संच, हळूहळू त्याच्याकडे वळली. लिलोचा विकास २०१५च्या अखेरीस थांबला. स्लॅकवेअर या जुन्या वितरणाने मात्र २०२२च्या १५.० आवृत्तीच्या इन्स्टॉलरमध्येही तो ठेवला.