कर्नेल हेडर : पॅकेज-बांधणीतील निवड

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील, रचना, फंक्शने आणि बांधणीचे पर्याय ज्या फाइलींत घोषित केलेले असतात त्यांना कर्नेल हेडर म्हणतात. एखाद्या मॉड्यूलचे (चालू कर्नेलला जोडता येणाऱ्या भागाचे) पॅकेज तयार करताना ते ज्या कर्नेलवर चालणार आहे त्याच्याच हेडरांवर बांधले जाईल अशी तजवीज करणे, हा या नोंदीचा विषय होय.

‘हेडर’ या एका नावाखाली दोन निराळे संच येतात : सामान्य प्रोग्रॅमांसाठीचे आणि मॉड्यूलांसाठीचे. फेडोरा या लिनक्स-वितरणात पहिल्याला ‘कर्नेल-हेडर्स’ व दुसऱ्याला ‘कर्नेल-डेव्हेल’ म्हणतात. डेबियन या दुसऱ्या वितरणात मात्र ‘लिनक्स-हेडर्स’ हे नाव दुसऱ्या संचाचे असून पहिला संच ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’मध्ये असतो. ही अदलाबदल नवख्याला हमखास फसवते. १९९० च्या दशकात सामान्य हेडरांची निर्देशिका थेट कर्नेलच्या स्रोताकडे नेणारा दुवा असे. ही प्रथा नेमकी केव्हा रूढ झाली हे ठामपणे सांगणे अवघड असले, तरी लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००० मध्ये तिला विरोध केला आणि सी लायब्ररी (प्रोग्रॅमांना लागणाऱ्या मूलभूत फंक्शनांचा संग्रह) ज्या हेडरांवर बांधली गेली तेच तेथे असावेत असे मांडले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे २.६.१८ या आवृत्तीत (२००६) सामान्य हेडर वेगळे काढून देण्याची सोय आली, तर ३.७ मध्ये (२०१२) ते स्रोतातच स्वतंत्र निर्देशिकेत हलवण्यात आले.

मॉड्यूल चढवताना कर्नेल त्याची आवृत्ती-खूण, म्हणजे ते कोणत्या आवृत्तीसाठी व कोणत्या मुख्य पर्यायांनी बांधले याची नोंद, तपासतो. चिन्हनिहाय आवृत्ती-तपासणी चालू असल्यास मॉड्यूल वापरत असलेल्या प्रत्येक निर्यात चिन्हाची (कर्नेलने मॉड्यूलांना खुल्या केलेल्या फंक्शनाची वा चलाची) चेकसमही, म्हणजे त्याच्या घोषणेवरून काढलेला पडताळणीचा आकडाही, जुळावी लागते. गोव्यात जमिनीचा सर्वे क्रमांक जुळला पण गाव निराळे निघाले, तर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा दाखला) कामाचा नसतो. तसेच येथे आवृत्तीचा आकडा जुळूनही बांधणीचे पर्याय भिन्न असल्यास मॉड्यूल नाकारले जाऊ शकते.

बांधणीच्या कृतीत (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलीत) हेडरांचा मार्ग पुष्कळदा ‘युनेम’ या आज्ञेच्या उत्तरावरून ठरवलेला असतो. ही आज्ञा चालू कर्नेलची आवृत्ती सांगते. क्रूट किंवा कंटेनरमध्येही, म्हणजे यजमान यंत्राच्याच कर्नेलवर चालणाऱ्या वेगळ्या काढलेल्या वातावरणातही, उत्तर यजमान यंत्राचेच येते. म्हणजे पणजीतील बांधणी-यंत्रावर काणकोणच्या एखाद्या शाळेतील संगणकांसाठी पॅकेज करताना आवृत्ती ‘युनेम’वर सोपवली, तर मॉड्यूल पणजीच्या कर्नेलचे होईल. म्हणून लक्ष्य आवृत्ती कृतीला बाहेरून द्यावी, तिचे हेडर-पॅकेज बांधणीचे अवलंबन (बांधणीआधी हजर असावे लागणारे पॅकेज) म्हणून नोंदवावे आणि ‘मॉड्यूल्स’ निर्देशिकेतील त्या आवृत्तीच्या ‘बिल्ड’ दुव्याचाच उपयोग करावा. हेडर नसताना दुवा तुटका राहू शकतो, हे आधी पाहून घेणे बरे.

डेलने २००३ च्या सुमारास पुढे आणलेली डीकेएमएस प्रणाली मॉड्यूल वापरकर्त्याच्या यंत्रावरच बांधते. तेथेही त्या कर्नेलचे हेडर आणि कंपाइलर लागतातच.