जेकब म्हणजे पर्सिव्हल नव्हे

इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘जेकब्ज रूम’ या कादंबरीतला (१९२२) जेकब फ्लँडर्स आणि ‘द वेव्हज’मधला (१९३१) पर्सिव्हल यांना ‘अनुपस्थित नायक’ म्हणून एकाच माळेत ओवलेले इतक्यांदा वाचले, की आता गप्प राहवत नाही. दोघांच्याही मागे वुल्फ यांचा भाऊ थोबी आहे, जो ग्रीसच्या प्रवासानंतर १९०६ मध्ये विषमज्वराने गेला; हे साम्य खरेच आहे. मात्र पर्सिव्हल जेकबसारखा युद्धात मरत नाही, तो हिंदुस्थानात घोड्यावरून पडून मरतो.

खरा घोळ अशा तुलनेत येणाऱ्या ‘लेखिका जेकबच्या मनात कधी शिरतच नाही’ या वाक्यात आहे. ते वर्णन पर्सिव्हलला शोभते: तो संपूर्ण कादंबरीत स्वतः एक शब्दही बोलत नाही, आणि आपल्याला दिसतो तो केवळ सहा मित्रमैत्रिणींच्या बोलण्यातून. जेकब मात्र बोलतो, वाद घालतो, ग्रीसला जाऊन प्रेमात पडतो, आणि मधूनमधून त्याचे विचारही आपल्याला ऐकू येतात. तरीही तो निसटतो, कारण त्याच्याकडे पाहणारी निवेदिका वयाने दहा वर्षांनी मोठी आणि स्त्री असल्याचे स्वतःच मान्य करते, आणि ऐन वेळी बाहेरच थांबते. फ्लोरिंडा या मैत्रिणीसोबत तो आतल्या खोलीत जातो तेव्हा दार बंद होते, आणि आपण बाहेरच्या खोलीत बिस्किटांच्या डब्याशेजारी पडलेल्या, आईच्या पत्राच्या फिकट निळ्या पाकिटापाशी उरतो. कादंबरीचे सारे तंत्र मला या पाकिटात दिसते, आणि म्हणून जेकबला नुसते युद्धात ‘हरवलेल्या पिढीचे प्रतीक’ म्हणून मोकळे होणे मला मुळीच पटत नाही.

पर्सिव्हल गेल्यावर सहा जणांचा मध्यबिंदू नाहीसा होतो. जेकबला तर अजून कोणी पुरते ओळखलेलेच नव्हते, आणि ओळखण्याची उरलेली संधी पहिल्या महायुद्धाने हिरावून घेतली. आडनावातच बेल्जियममधल्या रणभूमीचे नाव असलेल्या या मुलाचा मृत्यू कादंबरीत कुठेही दाखवलेला नाही. शेवटच्या छोट्याशा प्रकरणात त्याच्या खोलीत कागदपत्रे तशीच पसरलेली आहेत, कोणी बसलेले नसताना वेताची खुर्ची करकरते, आणि आई त्याच्या जुन्या बुटांचा जोड पुढे धरून त्याच्या मित्राला, बोनामीला, विचारते की याचे आता मी काय करू.