‘अ‍ॅड्रिनल दमली’ हे निदान नव्हे

“सतत थकवा? ताणामुळे अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमलीय,” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मूत्रपिंडांवर बसलेली ही ग्रंथी अशी दमत नाही. ताणात ती उलट जास्त कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाला तोंड देणारं संप्रेरक, सोडते. ती खरोखर निकामी होते तो अ‍ॅडिसनचा आजार, इंग्रज डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ साली वर्णन केलेला. त्यात नुसता थकवा नसतो. वजन घटतं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, मीठ चाटावंसं वाटतं. तळहाताच्या रेषा काळ्या पडतात, हिरड्यांवर नवे डाग येतात (जन्मापासूनचे असतील तर सोडा). लोक म्हणतात, ऊन लागलं! खरं तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढलेलं एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारं संप्रेरक) त्वचेचा रंग गडद करतं. आपल्याकडे यामागे कधी क्षयही निघतो. तपासणी सुरू होते सकाळच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलपासून, लाळेतलं कॉर्टिसॉल मोजणाऱ्या महागड्या किटपासून नाही.