स्कॉटिश रोमान्समधलं लपवलेलं नाव आणि परीलोक: थोडी पार्श्वभूमी

स्कॉटिश हिस्टॉरिकल रोमान्स वाचणाऱ्यांना दोन गोष्टी अगदी पाठ असतात. हिरो स्वतःला जो म्हणवतो तो नसतोच, भलत्याच आडनावाने वावरत असतो, आणि गावाबाहेरच्या टेकडीत परीलोक राहतात, जे मदतही करतात आणि माणसं उचलूनही नेतात. क्लॅन (एका आडनावाचं घराणं), लेअर्ड (जमीनदार), किल्ट (पुरुषांचा घागरा) वगैरे यापेक्षा जास्त समजावत बसत नाही. पण हे दोन धागे कुठून आले ते नीट सांगायला हवं, कारण कथेत ट्विस्ट हवा म्हणून लेखकांनी हे घुसडलं असं सर्रास बोललं जातं आणि ते मला अजिबात पटत नाही.

परीलोकांचं आधी उरकतो. सगळ्यात ओळखीची गोष्ट म्हणजे टॅम लिनचं बॅलड (गाऊन सांगायची कथा), तिचा उल्लेख १५४९ च्या सुमारासच सापडतो. सेल्कर्कजवळ एट्रिक आणि यारो नद्या मिळतात तिथलं कार्टरहॉ हे तिचं ठिकाण. जंगलात भेटणारा टॅम लिन परीलोकातला वाटतो, पण असतो माणूसच, चांगल्या घरातला, परीराणीने पळवलेला, आणि दर सात वर्षांनी नरकाला द्यायच्या खंडणीत यंदा आपला नंबर लागणार ही त्याला भीती. गरोदर असलेली नायिका हॅलोविनच्या रात्री त्याला घोड्यावरून खाली ओढते आणि तो हातात साप होवो की तापलेलं लोखंड, सोडत नाही. म्हणजे खरी ओळख लपलेला नायक आणि परीलोक हे दोन्ही एकाच गोष्टीत तेव्हापासून आहेत. आणि हे नाजूक पंखवाले परीलोक नव्हेत. १५६३ च्या जादूटोणा कायद्यानंतर त्यांचं नाव घेणंसुद्धा जिवावर यायचं. एअरशायरमधल्या एका बाईने १५७६ मध्ये कोर्टात सांगितलं की मला औषधाची माहिती एक मेलेला माणूस देतो, तो १५४७ च्या पिंकीच्या लढाईत पडला आणि आता परीलोकांत राहतो. तिला मृत्युदंड झाला.

आता नावाचं, आणि इथे जरा थांबायलाच लागेल.

फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन इथे मॅकग्रेगरांनी कोलहून क्लॅनची शंभराहून जास्त माणसं मारली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स त्याच सुमारास इंग्लंडचं सिंहासन घ्यायला लंडनला निघायच्या तयारीत होता, आणि निघायच्या एक-दोन दिवस आधी, ३ एप्रिलला, प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) ठरवलं की मॅकग्रेगर हे नावच यापुढे नसेल. ते लावणाऱ्याला मृत्युदंड. जगायचं तर दुसरं आडनाव घ्या. मग क्लॅनच्या मुख्याला एका बड्या अर्लने (सरदाराने) स्कॉटलंडबाहेर सुखरूप पोचवायचा शब्द दिला, सरहद्दीपलीकडे नेलंसुद्धा, म्हणजे शब्द पाळला, आणि तिथूनच परत फिरवून एडिंबराला आणलं, जानेवारी १६०४ मध्ये फाशी. पुढे आणखी नियम आले, चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही, हत्यार म्हणून फक्त जेवताना मांस कापायला बिनटोकाची सुरी.

या निर्णयावर अजून वाद आहे. एक बाजू म्हणते ही माणसं गुरं पळवणारी, लुटारू, राजा दूर जाणार होता तेव्हा मागे शिस्त लावणं भाग होतं. गुरं पळवायचे हे खरंच आहे, पण ते तेव्हा हायलँड्समध्ये (उत्तरेच्या डोंगराळ भागात) कोण करत नव्हतं? दुसरी बाजू म्हणते मूळ भांडण जमिनीचं. ग्लेनॉर्कीच्या बाजूच्या त्यांच्या वडिलोपार्जित जमिनी शेजारच्या बलाढ्य कॅम्पबेलांच्या नावावर कागदोपत्री चढत गेल्या, आणि ज्यांच्याकडे कागद नाही ते आपोआप गुन्हेगार झाले. मला ही दुसरी बाजू जास्त खरी वाटते, कारण शिक्षा एखाद्या लढाईपुरती राहिली नाही, ती लढाई झाली तेव्हा जन्मलेही नव्हते अशा पोरांनाही लागली. बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये परत लागली, आणि कायमची उठली ती १७७४ च्या कायद्याने. एवढ्या काळात लोक ड्रमंड झाले, मरे झाले, ग्रँट झाले, आणि काही तर कॅम्पबेलच झाले. सगळ्यात प्रसिद्ध मॅकग्रेगर रॉब रॉय, गुरांचा व्यापारी आणि नंतरचा फरारी, तो बंदी नसलेल्या मधल्या वर्षांत १६७१ मध्ये जन्मला आणि पुढे आईकडचं कॅम्पबेल आडनाव लावायला लागला. तेव्हा रोमान्समध्ये हिरो आपलं आडनाव बायकोलाही सांगत नाही ना, त्यामागे असा शंभर-दीडशे वर्षांचा कायदा आहे.

आणि जागा पण तीच. मॅकग्रेगरांच्या मुलखातल्याच आबरफॉइलचा एक पाद्री १६९१-९२ च्या सुमारास तिथल्या परीलोकांवर अगदी गंभीरपणे हस्तलिखित लिहीत होता, त्यांची शरीरं कशी, घरं कुठे, दिव्यदृष्टी असलेल्यांना ते कसे दिसतात. १६९२ मध्ये तो वारला. परीटेकडीवर फिरताना कोसळला आणि खरं तर परीलोकांनीच त्याला आत नेला, असं तिथले लोक सांगत राहिले. पुढच्याच वर्षी नावबंदी परत आली.

मग १७४५ चं जॅकोबाइट बंड, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याला ती परत मिळवून द्यायचं बंड. कलोडनच्या लढाईत १६ एप्रिल १७४६ रोजी हरल्यावर तीस हजार पौंडांचं इनाम डोक्यावर असलेला त्या घराण्याचा राजपुत्र चार्ल्स बेटी बर्क नावाची आयरिश मोलकरीण बनून बोटीने स्काय बेटावर गेला. हायलँड पोशाखावरही बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. हे सगळं इतकं नाट्यमय आहे की नंतरच्या लेखकांनी आधीचं बरंचसं सोडून याच दोन-तीन वर्षांभोवती गर्दी केली.

धागे एकत्र बांधले ते सेल्कर्कशायरच्या शेरीफने (तिथल्या न्यायाधीशाने), म्हणजे लेखक वॉल्टर स्कॉटने. कार्टरहॉ त्याच्याच हद्दीत. १८०२ मध्ये त्याने बॉर्डरची (इंग्लंडच्या सरहद्दीलगतच्या भागाची) बॅलड्स छापली, त्यात टॅम लिनबरोबर परीलोकांवर लांबलचक निबंध होता. १८१४ पासून ऐतिहासिक कादंबऱ्या सुरू केल्या, १८१७ मध्ये त्याच फरारी मॅकग्रेगरवर एक लिहिली, आणि १८२७ पर्यंत स्वतःचं नाव जाहीरपणे कबूल केलं नाही. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा टार्टनचा (चौकटीच्या लोकरी कापडाचा) सगळा थाट यानेच उभा केला. त्यानंतर टार्टनची अशी लाट आली की स्वतःला त्या बेटी बर्कवाल्या राजपुत्राचे नातू म्हणवणाऱ्या दोन भावांनी १८४२ मध्ये जुनं हस्तलिखित म्हणून क्लॅननिहाय टार्टनचं पुस्तक काढलं. ते बनावट होतं, पण त्यातले कित्येक टार्टन आजही विकले जातात.

आजचा पेपरबॅक रोमान्स, विशेषतः १९९० नंतरचा, हे सगळं उचलून हायलँड्समध्ये नेतो. टॅम लिन बॉर्डरचा, म्हणजे पार दक्षिणेचा, ते कोणाच्या लक्षातही राहत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण एट्रिक-यारोचा तो भाग पुस्तकांतून जवळजवळ गायबच झालाय. काळ मात्र ते बहुतेकदा १७४५ चाच घेतात आणि तो नावाच्या बाबतीत चुकत नाही, कारण त्या बंडात उतरलेल्या मॅकग्रेगरांना कायद्याने तेव्हाही ते नाव नव्हतं, ते परत मिळायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती.