जमीन-घर दलालांचे ब्लॉगलेखन व शोध-अनुकूलन (गोवा)

घरे, भूखंड, दुकाने यांची खरेदी-विक्री किंवा भाडेकरार जुळवून देणाऱ्या दलालाने आपल्या संकेतस्थळावर वेळोवेळी माहितीपर लेख प्रसिद्ध करणे आणि गूगलसारख्या शोधयंत्रावर ते लेख वरच्या निकालांत यावेत अशा रीतीने त्यांची मांडणी करणे, अशी ही दुहेरी पद्धत. शोधयंत्राला पैसे देऊन मिळवलेली जाहिरातीची जागा यात धरत नाहीत. गोव्यात या पद्धतीला वेगळे वळण मिळण्याची कारणे मुख्यतः दोन : एकाच गावाची अनेक नावे, आणि जमिनीचे असे कागद जे बाहेरून आलेल्या ग्राहकाने पूर्वी कधी पाहिलेले नसतात.

संज्ञा : ‘वेबलॉग’ हा शब्द अमेरिकेतील जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी तो ‘वी ब्लॉग’ असा गमतीने फोडला आणि त्यातून ‘ब्लॉग’ रूढ झाला. मराठीत ‘अनुदिनी’ आणि रोजनिशीच्या धर्तीवर ‘जालनिशी’ असे दोन प्रतिशब्द सुचवले गेले. दोन्हींत रोज लिहिण्याची कल्पना गृहीत आहे. दलालाचा लेख मात्र महिन्यातून एखादा, आणि तोही वर्षानुवर्षे वाचला जावा म्हणून लिहिलेला असतो. म्हणून येथे ‘ब्लॉग’ हाच शब्द ठेवला आहे.

शोध-अनुकूलनासाठीच्या ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ या इंग्रजी शब्दप्रयोगाच्या जन्माबद्दल एकवाक्यता नाही. शोधयंत्रांविषयी लिहिणारे पत्रकार डॅनी सुलिव्हन यांच्या मते तो बहुधा १९९७ मध्ये वापरात आला आणि तो लोकप्रिय करणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींत ब्रूस क्ले यांचा समावेश होतो. दुसरी कथा १९९५ कडे बोट दाखवते : बॉब हेमन व लेलंड हार्डन यांच्याकडे एका रॉक वाद्यवृंदाच्या संकेतस्थळाचे काम होते, ते शोधात खूप खाली येत होते आणि पानावर वाद्यवृंदाचे नाव पुन्हापुन्हा घातल्यावर ते वर आले. ही कथा पद्धतीच्या उगमाची म्हणून महत्त्वाची आहे. पण शब्दाचा उगम आणि पद्धतीचा उगम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्दापुरता १९९७ च्या आसपासचा काळ धरणे अधिक सुरक्षित वाटते. मराठीत ‘शोधयंत्र इष्टतमीकरण’ असाही प्रतिशब्द आढळतो. प्रत्यक्ष व्यवहारात सगळे ‘एसईओ’च म्हणतात.

‘दलाल’ हा शब्द मुळात अरबी असून वाट दाखवणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. फारसीमार्गे तो मराठीत स्थिरावला. मराठीत त्याला चिकटलेला हिणकस अर्थ नंतरचा असावा. गोव्यात पोर्तुगीज अमलात ‘कोरेतोर’ हा शब्द होता. पणजीच्या म्हामाई कामत या दलाल घराण्याची अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कागदपत्रे अभ्यासकांना उपलब्ध झाली आहेत. ती समुद्री व्यापाराची आहेत, जमिनीची नव्हेत. तरीही दलालाची पत त्याच्या लेखी नोंदींवर उभी असते, हे त्यांतून स्पष्ट दिसते. आज बोलताना ‘एजंट’ किंवा ‘ब्रोकर’ म्हणतात.

शोधयंत्राचे कार्य : शोधयंत्र तीन पायऱ्यांनी काम करते. त्याचा स्वयंचलित वाचक दुव्यांवरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, वाचलेल्या मजकुराची सूची तयार करतो आणि प्रश्न आल्यावर त्या सूचीतील पाने क्रमाने लावतो. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांचे दुवे येतात यावरून त्याचे वजन ठरे. आज दुवे हा अनेक निकषांपैकी एक आहे. पानाच्या मागे ‘कीवर्ड’ची यादी लपवून ठेवण्याच्या जुन्या युक्तीला आपण क्रम लावताना काहीही किंमत देत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. फेब्रुवारी २०११ च्या ‘पांडा’ बदलानंतर उथळ व उचललेल्या मजकुराची पाने मागे पडू लागली. एप्रिल २०१२ च्या ‘पेंग्विन’ने विकत घेतलेल्या दुव्यांना चाप लावला. तरीही आसगावसाठी लिहिलेला लेख फक्त गावाचे नाव बदलून शिवोली, हणजूण, मयडे यांच्या नावावर पुन्हा टाकण्याची सवय या व्यवसायात सुटलेली नाही. अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ पाने म्हणते आणि नियमबाह्य मानते. वाचकाच्या दृष्टीनेही तो मजकूर निरुपयोगीच असतो, कारण आसगावचा चढ आणि मयड्याची नदीकाठची सखल जमीन यांची विहीर, रस्ता, पावसाळी पाणी ही तिन्ही प्रकरणे वेगळी असतात.

ग्रामनामांचा प्रश्न : गोव्यात शोध-अनुकूलनाचे निम्मे काम नावांशी झुंजण्यात जाते. पोर्तुगीजांनी स्थानिक नावे आपल्या लेखनपद्धतीने रोमन लिपीत उतरवली. शब्दान्तीचा अनुनासिक स्वर दाखवण्यासाठी त्या पद्धतीत अखेरीस ‘म’चे अक्षर लिहितात, त्याचा स्वतंत्र उच्चार करत नाहीत. पुढे इंग्रजी वळणाने वाचणाऱ्यांनी ते अक्षर उच्चारायला सुरुवात केली. कांदोळीचे ‘कॅन्डोलिम’, शिवोलीचे ‘सिओलिम’, पेडण्याचे ‘पेर्नेम’, थिवीचे ‘टिविम’ झाले ते असे, हे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे मान्य आहे. डिचोलीचे ‘बिचोलिम’ होताना आरंभीचा ‘ड’ का गेला, याचा उलगडा मात्र या नियमाने होत नाही. हडफड्याचे ‘अर्पोरा’, हळदोण्याचे ‘अल्दोना’, हरमलचे ‘अरंबोल’ ही रूपे तर नवख्याला एकाच गावाची वाटतही नाहीत. मडगावचे रेल्वे स्थानक एका स्पेलिंगने आणि शहर दुसऱ्या स्पेलिंगने लिहिले जाते. पणजीला आजही अनेक जण ‘पणजिम’ म्हणतात आणि दिल्लीहून घर पाहणारा ग्राहक म्हापशाला ‘मापुसा’ म्हणतो.

याच्या उलट अडचण नामसाम्याची. कांदोळीजवळचे बार्देश तालुक्यातील नेरूळ आणि नवी मुंबईतील नेरूळ यांचे रोमन स्पेलिंग सारखेच आहे. नवी मुंबईच्या उपनगराबद्दलचा मजकूर कितीतरी मोठा, त्यामुळे नुसते ‘नेरूळ दोन खोल्यांचे घर’ असे शोधणाऱ्यासमोर बहुधा तिकडचीच पाने येतात. यावर उपाय साधा आहे. पानाच्या शीर्षकात ‘नेरूळ’ऐवजी ‘नेरूळ, बार्देश, गोवा’ लिहायचे, पहिल्याच परिच्छेदात कांदोळी व रेईश मागूश यांचा उल्लेख करायचा आणि छायाचित्राखालच्या ओळीतही तालुका द्यायचा. नागवे हे गाव बार्देशात आहे. त्याच रोमन स्पेलिंगचे दुसरे गाव साष्टीत वेर्ण्याजवळ आणि तिसरे दीवमध्ये, समुद्रकिनाऱ्यासाठी प्रसिद्ध. साष्टी हे नाव स्वतःच दोन ठिकाणी आहे, गोव्यातील तालुका आणि मुंबईचे बेट. दोन्हींची व्युत्पत्ती सहासष्ट या संख्येशी जोडतात; रोमन लेखनात त्यांची स्पेलिंगे वेगळी पडल्याने इंग्रजीत घोटाळा कमी होतो, देवनागरीत मात्र पूर्ण होतो. चांगल्या लेखात गावाची प्रचलित सगळी रूपे एकेकदा, वाक्याच्या ओघात यावीत. तीच रूपे पानाच्या तळाशी ओळीने कोंबण्याचा जुना मार्ग आज उलट नुकसान करतो.

लेखांचे विषय : समुद्रदर्शन, सूर्यास्त आणि ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी’ यांवरचे लेख विपुल आहेत. ग्राहकाला टिकाऊ उपयोग होतो तो कागद समजावून सांगणाऱ्या लेखांचा. त्यातील पहिला एक-चौदाचा उतारा, म्हणजे महाराष्ट्रातील सात-बारासारखी गोव्याची जमीन-नोंद. सर्व्हे क्रमांक व उपविभाग, कब्जेदाराचे नाव, कुळाचे नाव, इतर हक्क, लागवडीखालील व पोटखराब क्षेत्र हे सारे त्या उताऱ्यावर असते. कुळाच्या रकान्यात एखादे नाव असेल किंवा इतर हक्कांत एखाद्याच्या घराची नोंद असेल, तर तेथेच थांबून चौकशी करायची असते, कारण १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कायदा यांनी त्या माणसाला संरक्षण दिलेले आहे. विक्रीच्या जाहिरातीत ‘क्लिअर टायटल’ हे दोन शब्द येतात. लेखात हा रकाना दाखवता येतो. या एका फरकासाठी ब्लॉगलेखनाला माहितीसाहित्यात जागा द्यावी, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

गोव्यात अजून लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामायिक असते आणि स्थावर विकताना दोघांचीही संमती लागते. वडिलार्जित घर असेल तर वारसांच्या वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ची न्यायालयीन प्रक्रिया झाली आहे का, हे पाहावे लागते. याखेरीज रूपांतराची सनद (शेतजमीन बिगरशेती वापरासाठी बदलण्याची परवानगी), कोमुनिदादीची (गावकरी संस्थेची सामायिक) जमीन, किनारी नियमन क्षेत्र, २०२३ चा शेतजमीन हस्तांतरणावरील निर्बंधांचा कायदा, हे विषय येतात. परदेशस्थ भारतीयांना विदेशी चलन नियमांप्रमाणे शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, हेही बाहेरच्या वाचकाला आधी सांगावे लागते.

झोनविषयक, म्हणजे कोणती जमीन कोणत्या वापरासाठी ठरवली आहे यावरचे, लेख सर्वांत लवकर शिळे होतात. प्रादेशिक आराखडा २०११ जनआंदोलनानंतर मागे घेण्यात आला, पुढे २०२१ चा आराखडा आला. आराखड्यातील झोन दुरुस्त करण्यासंबंधीचे नगर व ग्राम नियोजन कायद्यातील कलम १७(२) २०२३ मध्ये आले, त्याखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले; दरम्यान २०२४ मध्ये झोन बदलण्यासंबंधीचे कलम ३९-अ दाखल झाले. त्यामुळे अशा लेखावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख ठळक असणे अत्यावश्यक आहे. मजकूर न बदलता फक्त तारीख नवी करणे ही वाचकाची फसवणूक आहे, मग तिने क्रम वर गेला तरी. पैसा आणि आयुष्यभराची बचत यांच्याशी संबंधित विषयांत गूगलची मार्गदर्शक तत्त्वे अधिक काटेकोर आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांत लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाचा निकषही जोडला गेला. गावात पाय ठेवून लिहिणाऱ्या स्थानिक दलालाला तो अनुकूल आहे.

कायद्याची चौकट : स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या कोणत्याही माध्यमातील प्रसिद्धीला लागू होते, आणि ‘कोणत्याही माध्यमातून’ ग्राहक व विक्रेता यांची गाठ घालून देणारा दलाल ठरतो. म्हणजे ब्लॉग यातून सुटत नाही. नोंदणीस पात्र प्रकल्पांच्या (५०० चौ. मी. पेक्षा मोठी जमीन किंवा आठांपेक्षा जास्त सदनिका) विक्रीत भाग घेणाऱ्या दलालाला कलम ९ प्रमाणे स्वतःची नोंदणी करावी लागते, नोंदणी न झालेल्या प्रकल्पात मध्यस्थी करण्यास कलम १० मनाई करते. उल्लंघनास कलम ६२ खाली दिवसाला दहा हजार रुपये, एकूण किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. गोव्याचे यासंबंधीचे नियम २०१७ चे आहेत. नोंदणी क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी देणाऱ्या दलालाकडे ग्राहक अधिक विश्वासाने वळतो.

प्रसार : भारतात ९९एकर्स (२००५), मॅजिकब्रिक्स (२००६), हाउसिंग (२०१२) ही मोठी सूचीस्थळे आल्यावर ‘गोव्यात बंगला विक्रीस’ यांसारख्या व्यापक शोधांत एकट्या दलालाला वर येणे कठीण झाले. त्याला उरले ते गाव, वाडा आणि कागद यांवरचे अरुंद प्रश्न. २०२० नंतर महानगरांतून दुसऱ्या घरासाठी मागणी वाढली, जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातील धारगळ, मोरजी, मांद्रे ही नावे शोधात आली. सीमेपलीकडच्या दोडामार्ग व सावंतवाडीतील जमिनीही ‘गोव्याजवळ’ म्हणून लेखांत झळकतात. तेथे महाराष्ट्राचा सात-बारा चालतो, एक-चौदा नव्हे, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते. नकाशावरील व्यवसाय-नोंद (२०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’) हे याच कामाचे पूरक साधन.

भाषा व लिपी : हे लेखन बहुतांशी इंग्रजीत होते, कारण घेणारा बाहेरचा असतो. देवनागरीत एक तांत्रिक अडचणही आहे. पानाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे घातली की दुवा पाठवताना त्यांचे सांकेतिक रूपांतर होते. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरे, म्हणजे ‘म्हापसा’ या शब्दातील सात चिन्हांची त्रेसष्ट अक्षरे होतात. व्हॉट्सअपवर असा लांबलचक दुवा आला की लोक तो उघडायला बिचकतात. म्हणून पत्ता रोमनमध्ये ठेवून शीर्षक व मजकूर देवनागरीत देणे सोयीचे. कोकणी आणि मराठी लेखनातही भेद आहेत (म्हापशें/म्हापसा, फोंडें/फोंडा) आणि शोधयंत्र दरवेळी ते एक मानतेच असे नाही.

विकणारा मात्र बहुधा येथलाच असतो. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा भागांत घराघरांत मराठी वर्तमानपत्र वाचले जाते, आणि वाटणी न झालेल्या भाटातला (बागायतीतला) आपला हिस्सा विकावा की राखावा हा प्रश्न त्याच घरांत पडतो. सनदेची किंमत, कब्जेदार व मालक यांतला फरक, मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी काय वाचावे, या विषयांवर मराठीतील लेख आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आढळतात.