कचऱ्याचा वास आणि वास नसलेला वायू

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात बहुतेक डॉक्टर दुर्गंधालाच रोगाचे मूळ मानत. कुजक्या घाणीतून दूषित हवा उठते, ती श्वासावाटे अंगात शिरते आणि कॉलरा होतो, अशी ठाम समजूत होती. समजूत चुकीची, पण तिच्यामुळे घरातला कचरा रस्त्यावरून उचलला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १८७४ मध्ये कचरा जाळण्याची भट्टी उभी राहिली. पॅरिसमध्ये १८८३-८४ च्या सुमारास प्रशासक युजीन पूबेल यांनी घरमालकांवर झाकणाच्या डब्यांची सक्ती केली.

पुढे जंतूंचा शोध लागला आणि वासाचे महत्त्व एकदम घसरले. रोग जंतूंमुळे होतो, वास फक्त त्रासदायक, असे ठरले. माझ्या मते इथेच मोठी गफलत झाली. वास लपवला म्हणजे प्रश्न संपला, असे मानले जाऊ लागले.

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात १९३७ मध्ये सुरू झालेली पद्धत जगभर पसरली. कचरा चरात टाकायचा, दाबायचा आणि रोजच्या रोज मातीने झाकायचा. माश्या, उंदीर, वास, सगळेच कमी झाले. मात्र मातीखाली प्राणवायू संपतो आणि प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव अन्न, कागद, पालापाचोळा कुजवून मिथेन हा सहज पेट घेणारा वायू तयार करतात. अशा भरावातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो. नाकाला झोंबणारे हायड्रोजन सल्फाइड आणि इतर गंधकयुक्त वायू सगळे मिळून सहसा एक टक्काही भरत नाहीत. म्हणजे सर्वांत मोठ्या प्रमाणात बाहेर पडणाऱ्या या दोन्ही वायूंना वासच नाही.

त्याची किंमत इंग्लंडमधल्या लॉस्को गावाने मोजली. २४ मार्च १९८६ च्या पहाटे तिथले एक घर स्फोटाने जमीनदोस्त झाले आणि आतले तिघे जबर जखमी झाले. रात्रीतून हवेचा दाब झपाट्याने उतरला होता, त्यामुळे जवळच्या कचरा भरावातला मिथेन खडकाच्या भेगांतून घराखाली येऊन साचला होता. भरावातला वायू नळ्यांनी ओढून घेण्याचे तंत्र तोवर अमेरिकेत वापरात होते. इथे ते वेळेवर पोहोचले नाही, हे वाचताना आजही वाईट वाटते.

जाळणे हा उपायही निर्धोक नव्हता. १९७७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना कचराभट्ट्यांच्या राखेत डायॉक्सिन ही अत्यंत विषारी रसायने सापडली. अंगणात पेटवलेल्या कचऱ्यात आच कमी आणि ज्वलन अर्धवट, त्यामुळे तिथे धोका जास्तच.

म्हणून युरोपीय संघाने १९९९ मध्ये मुळालाच हात घातला. भरावात जाणारा कुजणारा कचरा टप्प्याटप्प्याने १९९५ च्या पातळीच्या ३५ टक्क्यांवर आणायचा, असे बंधन सदस्य देशांवर आले. ओला कचरा घरातच वेगळा करण्याचा आग्रह त्यामुळे वाढला. वेगळा केलेला हा कचरा हवा खेळती ठेवून कुजवला, तर मिथेन फारच थोडा बनतो. बंद टाकीत कुजवला तर तोच मिथेन इंधन म्हणून हाती येतो.