रूपिनच्या नाळेत पहाटेच का चढायचे?

मे महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र वळवाच्या सरींची वाट पाहत असतो, तेव्हा उत्तराखंडातील धौला गावातून हिमाचल प्रदेशातील सांगला खोऱ्याकडे नेणाऱ्या रूपिन खिंडीच्या वाटेवर बर्फ अजून टिकून असतो. सुमारे ४,६५० मीटर उंचीच्या या खिंडीखाली एक अरुंद, उभ्या चढाची नाळ आहे. ती वेळेत पार व्हावी म्हणून गाइड सर्वांना अंधारातच तंबूबाहेर काढतात. सुट्टीत आलेल्यांना ही घाई अनाठायी वाटते. परंतु तिच्यामागे बर्फाचे भौतिकशास्त्र आहे.

हिवाळ्यातील हिमथर कोरडा असतो आणि त्याचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या बराच खाली असतो. वसंतात ऊन तापू लागले की वरचा बर्फ वितळतो, ते पाणी खाली झिरपते, आत पुन्हा गोठते आणि गोठताना उष्णता सोडते. असे होत होत संपूर्ण थर शून्य अंशावर येतो. मात्र त्यापुढे तो झटपट नाहीसा होत नाही, कारण एक किलो बर्फ केवळ वितळवण्यासाठी सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असते. म्हणूनच भर उन्हातही हा बर्फ आठवडेच्या आठवडे टिकतो.

तो टिकतो, पण त्याची ताकद दिवसभर सारखी राहत नाही. रात्री कणांमधले पाणी गोठून कण एकमेकांना घट्ट धरतात आणि वर कठीण कवच तयार होते. सकाळी ऊन आले की हे सांधे सैल होऊ लागतात, पाणी वाढते आणि दुपारपर्यंत पहाटेच्या त्याच वाटेवर पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागतो.

हे कवच किती पक्के होईल, हे हवेच्या तापमानाइतकेच आकाशावर अवलंबून असते. बर्फ अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता फार सहज बाहेर टाकतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री मात्र ढग त्यातील बरीच उष्णता परत खाली पाठवतात आणि बर्फ सकाळीही भुसभुशीतच राहतो. उबदार, ढगाळ रात्र सुखाची वाटते, पण चढाईच्या दृष्टीने कडाक्याची चांदणी रात्र कितीतरी अधिक भरवशाची असते. झोपण्यापूर्वी आकाश पाहण्याची सवय प्रत्येक ट्रेकरने लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

कठीण कवचाचाही धोका असतोच. पहाटे उभ्या उतारावर पाय घसरला, तर थांबणे अवघड जाते. म्हणून तेव्हा बुटांना मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे लहान टोकदार खिळे) हवेत आणि गाइडने खणलेल्या पायऱ्या सोडू नयेत. दुपारी धोका बदलतो. पाण्याने जड झालेला बर्फ ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटू शकतो. बर्फाचे गोळे आपोआप घरंगळताना दिसू लागले किंवा पाय घोट्याच्या वर रुतू लागला, तर अशा उताराखाली रेंगाळू नये. उन्हाचा परिणामही सगळीकडे एकाच वेळी होत नाही: पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात, तर उत्तरेकडचे उशिरापर्यंत टणक राहतात.

नदीवर साचलेल्या बर्फाचे पूल या वाटेवर खूप लागतात. हिमस्खलनाने खाली आलेला बर्फ प्रवाहावर पसरतो आणि खालून वाहणारे पाणी व हवा त्याला आतून पोखरत राहतात. किती जाडी उरली आहे, हे वरून कळत नाही. मध्ये खोलगटपणा, भेगा किंवा काळपट डाग दिसले, तर तिथे पाऊल टाकू नये. मोठ्या खडकांलगतही अंतर राखावे, कारण गडद खडक ऊन शोषून तापतो आणि भोवतीचा बर्फ आतून वितळवतो. वितळलेले पाणी बर्फातून वाट काढत ओढ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे ओढे साधारणपणे पहाटे उथळ असतात आणि दुपारनंतर, कधी थेट संध्याकाळी, फुगतात.

ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो. जुना, ओला बर्फ त्यामानाने कमी फेकतो, तरी उंचीवर अतिनील किरण तीव्र असल्याने डोळ्यांच्या बुबुळांना इजा होऊ शकते. वेदना काही तासांनी सुरू होतात. म्हणून बाजूंनीही झाकणारा गडद चष्मा ऊन बर्फावर पडण्यापूर्वीच लावावा आणि ढग आले तरी काढू नये, कारण पातळ ढगांतूनही हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात.